चष्मेवाल्यांचे पुढचे चार दात

वहिनीला माणसं उलटी ओळखू येत.

म्हणजे असं, की दाताच्या दवाखान्यात तिची जागा खुर्चीच्या मागे, पेशंटच्या डोक्याशी. दात काढणं, बसवणं, मुळात शिरणं हे डॉक्टरांचं. दातांवरचं किटण खरवडायचं, हिरड्या तपासायच्या, कुठे काय नासतंय ते डॉक्टरांच्या कानावर घालायचं, हे वहिनीचं. खुर्ची आडवी केली की माणसाची हनुवटी वर आणि कपाळ खाली. वर्षानुवर्षं तिने गावचे चेहरे असेच पाहिलेले. मग रस्त्यात कुणी सरळ उभ्या माणसाने "नमस्कार, मॅडम" म्हटलं की ही बाई मान वाकडी करून त्याच्याकडे बघत राही, आणि तो बिचारा आपल्या शर्टाला काही सांडलंय का ते चाचपून बघे. एकदा बँकेतल्या साहेबांना तिने साफ ओळख दिली नाही. साहेब पडलेलं पेन उचलायला वाकले, तेव्हा कुठे "अय्या, तुम्ही होय!" म्हणून ओरडली. सगळी रांग वळून बघायला लागली.

घरात नणंद तिला वहिनी म्हणते, आजूबाजूची निम्मी माणसंही तेच म्हणतात. तेव्हा आपणही तेच म्हणू.

तर ही नणंद. वहिनी तिला वन्सं म्हणे. वन्सं लोकांना गाडी चालवायला शिकवत. चाळिशी उलटलेली, आवाज खणखणीत, आणि शेजारच्या सीटवर कितीही घाबरट माणूस असला तरी चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. तरुणपणी त्यांचं एकदा लग्न ठरलं होतं. त्या गृहस्थाने वय चोरलं होतं, तेही थोडंथोडकं नाही. मुद्देमाल, म्हणजे त्याचा शाळेचा दाखला, सापडला आणि वन्संनी तिथल्या तिथे लग्न मोडलं. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: "टक्कल चालेल. ढेरी चालेल. घोरलात तरी कानात बोळे घालीन. खोटं चालणार नाही."

आणि अशा वन्संना चक्क कुणीतरी आवडलं. त्यांच्या ऑफिससमोर चष्म्यांचं दुकान होतं, त्याचे मालक. विधुर, नीटनेटके, बोलणं मऊ. वन्सं नंबर तपासायला गेल्या आणि नंबर बदललेला नसतानाही आणखी तीनदा गेल्या. सासूबाईंनी ते बरोबर हेरलं. "एवढी नजर अधू झाली असेल तर लोकांना गाडी कशी शिकवतेस गं?" त्या म्हणाल्या आणि रविवारी चष्मेवाल्यांना चहाला बोलावून घेतलं.

चष्मेवाले आले. वहिनीने दार उघडलं, हसून आत घेतलं, चहा ठेवला, केक कापला. ओळखीची खूण पटली नाही. पटणार कशी? माणूस सरळ बसलेला होता. त्यांनाही काही पत्ता नव्हता, कारण त्यांनी वहिनीला पाहिलं होतं ते मास्क आणि मोठा गॉगल यांच्या आडून. गप्पा रंगल्या. चष्मेवाले हसले आणि सासूबाई खूश झाल्या.

"काय हो दात तुमचे! मोती नुसते. स्वतःचेच ना?"

"म्हणजे काय, स्वतःचेच," चष्मेवाले म्हणाले. "आमच्या घरात सगळ्यांचे असेच."

वन्संनी आईकडे असं बघितलं, जणू ते दात त्यांनीच घडवले होते.

इथवर सगळं ठीक होतं. मग चष्मेवाल्यांना ठसका लागला. वहिनीने पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला आणि सवयीने, अगदी दवाखान्यातल्या सुरात म्हणाली, "हं, चूळ भरा."

चष्मेवाल्यांनी चूळ भरली. मान डावीकडे वळवली. डावीकडे थुंकायचं भांडं नव्हतं, सासूबाई होत्या. तोंडात पाणी, गाल फुगलेले, डोळे विस्फारलेले, असे ते क्षणभर सासूबाईंकडे बघत राहिले आणि मग कसंबसं ते गिळून टाकलं. सगळे हसले. वहिनी तेवढी हसली नाही. तिची मान आपोआप वाकडी झाली होती. हनुवटी वर, कपाळ खाली... अरे देवा. हे तर ते. वरचे पुढचे चार दात काढते-घालते. हिरड्या नाजूक. दर वेळी त्या दातांची पट्टी काढून वाटीत ठेवताना लाजणारे.

त्याच क्षणी चष्मेवाल्यांनाही आवाज ओळखू आला. कपबशी वाजली.

"अगं, तू तर दातांतलीच," सासूबाई वहिनीकडे वळल्या. "तूच सांग. आहेत की नाही एक नंबर?"

नवऱ्यासकट चार माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. तोंड भरलेल्या माणसाला प्रश्न विचारून उपयोग नसतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वहिनीने केकचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला आणि अख्खा तोंडात कोंबला.

*

पाहुणे गेले आणि सासूबाईंनी कमरेला पदर खोचला.

"त्यांनी मान डावीकडे का वळवली?"

"मला काय माहीत, आई."

"तुझ्याकडे येतात का ते?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे येतात!"

"म्हणजे सांगता येत नाही. कुणाचंच सांगत नाही मी. दूधवाला येतो का तेही सांगणार नाही."

"बरं, मी तरी तुझी पेशंट आहे की नाही?"

"सांगता येत नाही."

"अगं, परवा माझी दाढ घासलीस की! दुखतेय अजून!"

"कुणाची ते मला माहीत नाही," वहिनी म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

रात्रीच्या जेवणाआधी नवऱ्यानेही हळूच प्रयत्न करून पाहिला. "मला तरी सांग. मी कुणाला बोलणार आहे?"

"तुम्हाला तर मुळीच नाही. आईंसमोर तुम्ही भात वाढेपर्यंतसुद्धा टिकत नाही."

हे सगळं तिने हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी सोडताना वन्संनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. वन्सं कधी विनाकारण इंजिन बंद करत नसत.

"वहिनी, एकच विचारते. त्यांच्याबद्दल मला कळायला हवं असं काही आहे?"

वहिनी समोरच्या काचेकडे बघत राहिली. चार दात. माणसाचा खून नाही, दुसरी बायको नाही. चार दात आणि त्यावर एक बावळट थाप. दोन शब्दांत सांगून मोकळं होता आलं असतं. पण उघड्या तोंडाने तिच्यासमोर पडून राहणारी ती सगळी माणसं तिला आठवली. घरी बायकोपुढेही जी पट्टी काढत नाहीत, ती तिच्यापुढे काढतात.

"दवाखान्यातलं मी दवाखान्यातच ठेवते, वन्सं. कुणाचंही असो, काही असो की काही नसो. तुम्हाला जे विचारायचं ते त्यांनाच विचारा."

"त्यांना विचारून झालंय. ते म्हणतात काही नाही." वन्संनी चावी फिरवली, पण गाडी हलवली नाही. "हे बघ, उद्या काही निघालं आणि तुला माहीत होतं असं कळलं, तर आपलं संपलं. मग मला वहिनी नाही."

त्या असं म्हणत तेव्हा ते खरं असे. त्या आधीच्या गृहस्थाचं नावही पुन्हा कधी त्यांच्या तोंडून आलं नव्हतं.

*

चष्मेवाले दवाखान्यात आले ते खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला लागले.

"मॅडम... म्हणजे वहिनी... म्हणजे मॅडम. त्या दिवशी काय झालं, तुमच्या सासूबाईंनी एवढं कौतुक केलं, आणि..."

"दात काढून ठेवा," वहिनी म्हणाली.

त्यांनी पट्टी काढून वाटीत ठेवली. पट्टी काढली की त्यांच्या बोलण्यातून वारा जायचा, पण आज त्याचीही पर्वा नव्हती. त्यांनी सगळा बेत ठरवूनच आणला होता. लग्नाचं ठरलंच तर नोंदणी व्हायच्या आत डॉक्टरांकडून चार पक्के दात बसवून घ्यायचे. हाडात. कायमचे.

"मग ते माझेच झाले की नाही? मग खोटं राहिलंच कुठे?"

वहिनीच्या मनात लाडू फुटला. खरंच की! दात पक्के, थाप खरी, वन्सं खूश, सासूबाई गप्प, आणि आपण सुटलो. एका दगडात इतके पक्षी.

फक्त एक अडचण होती. असे दात बसवायचे तर हिरड्या धडधाकट हव्यात, आणि हिरड्या कशा आहेत ते वहिनी सांगणार होती. त्याची एक बारीक काडी असते, खुणा केलेली. दात आणि हिरडी यांच्या फटीत ती हळूच सोडायची, किती खोल जाते ते बघायचं आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. पलीकडच्या टेबलावर डॉक्टर तो टिपून घेत. डॉक्टर कधी उठून स्वतः बघायला येत नसत. वहिनीने दोन म्हटलं की दोन, तीन म्हटलं की तीन.

तिने काडी घातली. काडी खाली गेली, आणखी खाली गेली. बाजूने लालसर रेघ उमटली.

चष्मेवाल्यांनी उलट्या डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तोंडात आरसा असल्यामुळे बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी दोन बोटं वर केली. दोन म्हणा. दोनच म्हणा ना.

"हं?" डॉक्टर पलीकडून म्हणाल्या.

वहिनीच्या जिभेवर दोन तयार होतं. जिभेला काय, हाड नसतं. पण ज्या हाडात ते दात रोवायचे होते ते हाड या हिरड्यांखाली हळूहळू झिजत होतं, आणि अशा जमिनीत खांब उभे केले तर ते किती दिवस उभे राहणार? चष्मेवाले नवरदेव होतील आणि पुढच्या वर्षी मोत्यांसकट खाली येतील. तेही एका बाईला घरी जरा स्वस्थता हवी होती म्हणून.

"पाच," ती म्हणाली. जरा जास्तच मोठ्याने. "पुढे चार. पुन्हा पाच. रक्त येतंय."

दोन बोटं हळूहळू खाली आली.

"मग आत्ता नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आधी हिरड्या. काही महिने जातील."

वहिनीने डॉक्टरांना बाहेर गाठून घरची गोष्ट सांगितली, नणंद आणि चहा एवढीच. डॉक्टर मितभाषी बाई. "मग यांना दुसरीकडे दे," एवढंच म्हणाल्या. दुसरी म्हणजे पलीकडच्या खोलीत हेच काम करणारी वहिनीची सहकारी.

वहिनी परत आली. खुर्ची सरळ केली, मास्क काढला, हातमोजे काढले आणि पहिल्यांदाच स्टूल घेऊन चष्मेवाल्यांच्या समोर बसली. सरळ बसलेले चष्मेवाले तिला पुन्हा परके वाटले. बरं झालं. परक्या माणसाशी बोलायला सोपं जातं.

"पुढच्या वेळेपासून तुमचं काम माझी सहकारी करेल. हात माझ्यापेक्षा हलका आहे तिचा. रोज मधल्या फटी साफ करा, बारीक ब्रश देते तो वापरा. हिरड्या सुधारतील."

"तुम्ही रागावलात."

"रागावले नाही. इथे मी तुमच्या बाजूची, घरी वन्संच्या बाजूची. दोन्ही एकदम जमत नाही, चकणी व्हायची वेळ येईल. मग तुमच्याकडेच यावं लागेल."

चष्मेवाले हसले आणि लगेच तोंडावर हात धरला.

"तुम्ही सांगणार नाही ना त्यांना?"

"नाही. लग्न झालं तरी नाही, मोडलं तरी नाही."

"मग मिटलंच की!"

"मिटलं कसं? आईंनी परत विचारलं की दात खरे आहेत का, तर मी हो म्हणणार नाही. गप्प राहीन, आणि माझं गप्प राहणं आमच्या घरात फार मोठ्याने ऐकू येतं. केक काही रोज नसतो."

ते वाटीतल्या पट्टीकडे बघत बसले. "मी सांगितलं आणि त्या गेल्या तर?"

वन्सं जाऊही शकत होत्या. "तर मला फार वाईट वाटेल," ती म्हणाली. "तुम्ही मला आवडता. केक खाल्ल्यावर तुम्ही बशी स्वतः उचलून आत नेलीत."

*

पुढच्या रविवारी चष्मेवाले आले, खुर्चीवर बसले, चहा समोर आला आणि चहाला हातही न लावता त्यांनी तोंडात बोटं घालून चार दात काढले आणि बशीत ठेवले.

सासूबाईंच्या हातातला चमचा खाली पडला.

"हे माझे नाहीत," चष्मेवाले वारा जाणाऱ्या आवाजात म्हणाले. "सायकलवरून पडलो होतो. त्याआधी माझेही असेच होते, खरंच. पण हे नाहीत. मी थाप मारली."

बशीत दात हसत होते.

"हसा," वन्सं म्हणाल्या.

"काय?"

"हसून दाखवा. आहे तसं."

चष्मेवाले हसले. मधोमध चांगली खिंड होती. शिकाऊ माणूस गाडी मागे घेत असताना वन्सं जशा बघत, तशा त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "चालेल. पण पुन्हा थाप मारलीत तर गाडीतून उतरवीन. चालत्या."

"आधी ते उचला तिथून," सासूबाई म्हणाल्या. "चहा निवतोय."

वहिनीचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ राहिला नाही, कारण वन्संनी मान वळवली.

"तुला माहीत होतं."

वहिनीने चष्मेवाल्यांकडे बघितलं. "मीच तुमचा पेशंट आहे ना," ते घाईने म्हणाले. "सांगा तुम्ही, माझी काही हरकत नाही."

"मग हो," वहिनी म्हणाली. "माहीत होतं."

"मी गाडीत विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही."

"छान," वन्सं म्हणाल्या आणि कपबश्या उचलून आत गेल्या. वहिनीचा कप तेवढा तिथेच राहिला.

बघा आता न्याय. ज्याने थाप मारली त्याला एका चहात माफी. जी गप्प राहिली तिच्याशी अबोला.

वन्सं शब्दाच्या पक्क्या. एकाच टेबलावर बसून "आई, मीठ पुढे करायला सांग" असं चालायचं. सासूबाईंना ही टपालवाल्याची नोकरी भलतीच आवडली. निरोपात त्या स्वतःची भर घालत. "ती म्हणतेय मीठ दे, आणि म्हणतेय की वरणात तू ते घातलंच नाहीस, आणि मलाही तसंच वाटतंय." वहिनी मीठ देई. वहिनी एकटी असताना सासूबाई जवळ येऊन हळूच म्हणत, "तू सांगायला हवं होतंस गं. तिला नाही तर निदान मला."

दवाखाना सुटला की वहिनी बसथांब्यावर उभी राही. रोज त्या वेळी वन्संची गाडी समोरून जाई. शिकाऊ माणूस चालवत असला तर गाडी गचके खात जाई, वन्सं एकट्या असल्या तर सरळ. थांबत कधीच नसे. एकदा पाऊस नाही, काही नाही, तरी वहिनीचे गाल ओले झाले आणि शेजारच्या बाईने तिला रुमाल दिला. बस येईपर्यंत ती स्वतःशीच भांडली. सांगितलं असतं तर? सांगितलं असतं, तर चष्मेवाल्यांनी पुन्हा कुणापुढे तोंड उघडलं असतं का? आणि वन्सं काय, खूश होऊन विसरल्या असत्या. विसरल्याच असत्या. सांगणं इतकं सोपं होतं, या विचाराचाच राग आला तिला. बस आली.

*

मग एका संध्याकाळी शेवटच्या पेशंटला घरी पाठवलं, तर दारात वन्सं.

"मी बाहेर सांगितलंय, ती मागे बसणारीच पाहिजे," त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या. "हिरडी ठणकतेय."

"पलीकडे माझी सहकारी आहे, हात हलका..."

"तीच पाहिजे म्हटलं ना."

वन्सं खुर्चीत आडव्या झाल्या. दोन्ही हात पुढे, मुठी आवळलेल्या, जणू न दिसणारं स्टिअरिंग धरलंय. चालत्या गाडीत समोरून ट्रक आला तरी न हलणारी ही बाई दाताच्या खुर्चीला घाबरत होती. वहिनीने काही न बोलता खुर्ची आणखी सावकाश खाली घेतली.

"नेहमीचे प्रश्न विचारते, वन्सं. सगळ्यांना विचारते. काही औषधं चालू आहेत का?"

"नाही."

"तंबाखू, सिगारेट?"

"नाही."

वहिनीने आरसा आत घातला. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू, जी घरात कुणाला कधी दिसत नाही, ती छान तपकिरी होती. जुन्या किटलीसारखी. वहिनीने आरसा थोडा फिरवला. सगळीकडे तेच.

तिने आरसा बाहेर काढला. "हे चहाचे डाग नाहीत, वन्सं."

वन्सं छताकडे बघत राहिल्या. उलटा चेहरा, कपाळ खाली, हनुवटी वर, आणि वहिनीने तो इतक्या वर्षांत असा कधी पाहिलाच नव्हता. लहान मुलीसारखा होता.

"शिकाऊ माणसाच्या शेजारी दिवसभर बसून बघ एकदा," त्या म्हणाल्या. "मग विचार."

"ओरडत नाहीये मी. पण हिरडी त्यामुळेच ठणकतेय, आणि हे वाढत जाणार, एवढं तुम्हाला सांगणं माझं काम आहे. सोडायची असेल तर मदत करता येते. डॉक्टरांना मात्र सांगावं लागेल, उपचार त्या करणार."

"डॉक्टरांना सांग. आईला?"

"आईंना तुम्हाला दात आहेत की नाहीत, हेही सांगणार नाही."

"ते माहितेय. म्हणून तर आले," वन्सं म्हणाल्या, आणि मुठी जरा सैल झाल्या. "पलीकडची ती चांगली असेल, पण तिची परीक्षा कुठे घेतलीय मी? तुझी घेतलीय. पूर्ण मार्क मिळाले, आणि माझं डोकं इतकं फिरलं की काय सांगू."

वहिनीने उगाच दिवा सरकवला, मग परत होता तिथे आणला.

"आणि दुकानातल्या त्यांना काय सांगायचंय त्यात?" वन्सं मध्येच म्हणाल्या. "गाडीत ओढते. खिडकी उघडी असते."

"मी काही विचारलं नाही."

"भुवया विचारतायत तुझ्या. मास्क त्यांनाही लाव."

वहिनीने आरसा पुसून ठेवला.

"थाप म्हणता येणार नाही ही. त्यांनी कधी विचारलंच नाही मला."

वहिनीने पाणी ओढणारी नळी हातात घेतली आणि वाट बघत थांबली. तिला घाई नव्हती.

"बरं बाई, सांगीन," वन्सं म्हणाल्या. "पण आधी हे डाग काढ. सांगताना निदान पुरावा नको."

"डाग निघतील. काम दोन बैठकांचं आहे, आज अर्धेच."

"मग अर्धंच सांगीन."

वहिनीने नळी त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात अडकवली, मशीन सुरू केलं आणि खालच्या रांगेपासून सुरुवात केली. वन्सं मधूनमधून काहीतरी म्हणत होत्या, बहुतेक स्वतःच्या बचावाचं, कारण सूर चढा होता. पाण्याच्या आवाजात त्यातला एक शब्द कळत नव्हता. वहिनी प्रत्येक वेळी "हं, हं" म्हणून मान हलवत राहिली आणि दातामागून दात घासत गेली.